पंच्याखालचा हात

पुंडलिकरावांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि नत्थूच्या डाव्या हातावर, गिटारच्या दांडीसकट टाकला.

"आता वाजव. डोये कागदावर. हाताकडं पायचं नाई."

नत्थूने समोरच्या कागदावरच्या पाच रेघांकडे आणि त्यांवर मांडलेल्या सुरांच्या ठिपक्यांकडे पाहिलं. पहिले दोन सूर बरोबर आले. तिसऱ्याला तार नुसतीच खडखडली, चौथा भलताच निघाला. व्हरांड्यात बसलेले बाकीचे वाजवणारे हसले. पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी बोटाने पुन्हा पहिला ठिपका दाखवला.

पुलगावच्या छावणीतल्या अफसरांच्या मेसमध्ये नत्थू आठवडाभर चहा-जेवण देणारा बेरा होता आणि शनिवारी बँडमधला गिटारवाला. लढाई संपल्यावर मायदेशी जाणाऱ्या एका गोऱ्या सार्जंटने गिटार त्याच्या हवाली केली होती. तेव्हापासून त्याने जे ऐकलं ते वाजवलं, कागद कधी लागला नाही. त्याचा बाप लोकांच्या लग्नात मांडवाबाहेर उभा राहून डफडं वाजवायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बापाने डफडं नाल्यात टाकून दिलं. गिटारला मात्र वस्तीत कुणी काही म्हटलं नाही. आपला माणूस पांढरा कोट घालून, खुर्चीवर बसून वाजवतो, याचं सगळ्यांना अप्रूप होतं.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर पुंडलिकराव मेसच्या बँडचे मास्तर म्हणून आले. उभा जन्म त्यांनी कामठीला फौजी बँडमध्ये काढला होता. त्यांनी नियम केला, की संक्रांतीनंतर परीक्षा होईल. कधी न पाहिलेला कागद समोर ठेवला जाईल आणि तो पाहता पाहता वाजवावा लागेल. ज्याला जमणार नाही त्याने खुर्ची सोडायची. माणूस कडक होता, पण वाईट नव्हता. नत्थूला ते रोज दुपारी वेगळं बसवून शिकवू लागले.

आणि नत्थू चुकतच राहिला. म्हातारपणी डोकं चालत नाही याचं, असं बाकीचे म्हणत. तो अजून चाळिशीचाही नव्हता.

खरी गोष्ट निराळी होती. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट बधिर झालं होतं. तार बोटाखाली आली की नाही हे आता बोट सांगत नव्हतं, डोळ्यांनी पाहावं लागत होतं. आणि डोळे तर कागदावर हवे होते.

एका दुपारी तो घरी सराव करत असताना त्याची बायको पंचफुला पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. दांडीवरून रक्त ओघळत होतं. तारेने बोट चिरलं होतं आणि तो वाजवतच होता.

"दुखत नाई तुमाले?"

नत्थूने बोटाकडे पाहिलं. मग गिटार बाजूला ठेवून त्याने शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली. तिथे फिकट चट्टा होता. पंचफुला खाली बसली. तिच्या मामाला असाच चट्टा उठून रक्तपिती, म्हणजे महारोग, झाला होता. गावाने त्याला शिवाराच्या कडेला झोपडी घालून दिली होती, आणि त्या घरात पुढे कुणी मुलगी दिली नाही की केली नाही.

मग ती म्हणाली, की वर्ध्याला आता या रोगावर गोळ्या मिळतात, माणसं बरी होतात म्हणे. उद्याच जाऊ.

"जाईन," नत्थू म्हणाला. "पण भागीचं लग्न होईस्तोवर नाई."

भागीरथा त्यांची एकुलती एक मुलगी. हिंगणघाटच्या एका शाळामास्तराशी तिचं लग्न मार्चमध्ये ठरलं होतं. पंचफुलाने पदराने दांडीवरचं रक्त पुसलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर नत्थूने वेड्यासारखा ध्यास घेतला. बोटांचा भरवसा नव्हता म्हणून तो कागदालाच भिडला. कपबशा धुताना, सायकल ढकलत घरी येताना तो ठिपके आठवून मनात सूर म्हणे. डिसेंबरातल्या एका दुपारी तो व्हरांड्यात मास्तरांची वाट पाहत बसला होता. स्टँडवर एक अनोळखी कागद होता. त्याने सहज नजर टाकली, आणि कुणी काही वाजवत नसताना अख्खी चाल त्याला ऐकू आली. वळणं, थांबे, सगळं. त्याने शेवटच्या रेघेपर्यंत वाचलं. मग आनंदाने गिटार उचलली. करंगळी वाकडीच राहिली. उजव्या हाताने त्याने ती सरळ करून पाहिली, सोडली की ती पुन्हा वाकडी होई.

परीक्षेच्या दिवशी पुंडलिकरावांनी कागद ठेवला आणि हातावर पंचा टाकला. नत्थूने जीव एकवटून सुरुवात केली. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत हात सुटला तो सुटलाच. पंच्याखाली काय चाललंय ते त्याला कळेना. तरी तो थांबला नाही, खडखडणाऱ्या तारांसह शेवटापर्यंत गेला.

पुंडलिकराव खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"तू तोंडातल्या तोंडात म्हणत होता. मी ऐकलं. एक सूर चुकला नाई तुहा. मंग हात काऊन चुकून राह्यला?"

व्हरांड्यात सगळे कान टवकारून बसले होते. खरं सांगितलं असतं तर दिवस मावळायच्या आत ते वस्तीत पोचलं असतं, आणि आठ दिवसांत हिंगणघाटला.

"चाल आधी ऐकली होती जी," नत्थू म्हणाला. "मले वाचता येतच नाई."

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. दोन महिने फुकट घालवलेस माझे, एवढंच ते म्हणाले. खुर्चीवर नागपूरहून आलेला नवा माणूस बसला.

नत्थू बेऱ्याचं काम करत राहिला. फेब्रुवारीत एका सकाळी बँडचा सराव चालला होता आणि तो चहा घेऊन गेला. नव्या माणसाच्या मागे उभं राहून कागद पाहताना तो भान विसरला. किटली कलली. वाफाळता चहा डाव्या हाताच्या बोटांवरून फरशीवर सांडत राहिला, आणि तो कागद वाचत राहिला. पुंडलिकरावांनी ते पाहिलं. हात मागे येत नव्हता, तेही पाहिलं. मग त्यांनी उठून किटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि बँडला पहिल्या ओळीपासून सुरुवात करायला सांगितलं. ते कुणाजवळ काही बोलले नाहीत.

मार्चमध्ये लग्न झालं. भागीरथा सासरी गेली. पाचव्या दिवशी नत्थू वळकटी बांधून वर्ध्याच्या गाडीला निघाला. वाटेत पुंडलिकरावांचं घर होतं. तो अंगणातच उभा राहिला आणि सुरांचा एखादा जुना कागद असला तर द्याल का, असं त्याने विचारलं.

कुठे निघालास, असं त्यांनी विचारलं नाही. आत जाऊन ते एक जाडजूड बाड घेऊन आले.

"सावकाश वाचजो," ते म्हणाले.

बाड त्याच्या काखेत देऊन त्यांनी त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ती दोन बधिर बोटं त्यांनी मुठीत घट्ट धरली. नत्थूला ते नुसतं दिसत होतं.