टेम्पोत आरवलेला कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. गावठी. पिंजऱ्यात दाटीवाटीनं उभे राहून नुसतं वजन वाढवणारे ते पांढरे प्राणी वेगळे, त्यांना मी जातभाई मानत नाही. खरं सांगायचं तर माणसांनाही मी फारसं मानत नाही. हातात मोबाइल असूनही ज्यांना उठवायला कुणीतरी लागतं, आणि उठवलं की जे शिव्या देतात, त्यांना काय मानायचं?

माझा जन्म हरसूलजवळच्या एका पाड्यावर, मैनाच्या चुलीमागे झाला. मैनाचा नवरा गेणू. थोडं भात, थोडी नागली, आणि पीक निघालं की द्राक्षबागांत मजुरी, असा त्यांचा संसार. पाड्यावर पत्र्याचं छोटं चर्च आहे. रविवारी गेणू तिथं ढोलकी वाजवायचा आणि येशूसाठी जीव देण्याची गाणी डोळे मिटून म्हणायचा. आवाज बरा होता. त्याला स्वतःला तो फारच चांगला वाटायचा.

गेल्या वर्षी कापणी उरकून सगळे टेम्पोनं दिंडोरीकडे निघाले. मैनानं मला टोपलीत कोंबून मांडीवर घेतलं होतं. समोर नवसाबाई बसली होती. गेणूची आई तो लहान असतानाच गेली. त्याला हात जोडायला, प्रार्थना करायला शिकवलं ते या म्हातारीनं. मजूर गोळा करणारा मुकादम शेखर वडापाव खात होता. खाता खाता त्यानं सहज विचारलं, "काय रे गेणू, तुमच्या पाड्यावर चर्चवाले हायेत म्हणे. तू पण त्यातलाच का?"

कुणी गळ्यावर सुरा ठेवला नव्हता. टेम्पोतली पोरं फार तर हसली असती.

"छे, छे! मी कशाला? मी त्या वाटेलाच जात नाय," गेणू म्हणाला.

उजाडत होतं. मी आरवलो. माझा यात दुसरा काहीही हेतू नव्हता.

गेणूचा चेहरा राखेसारखा झाला. नवसाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि ती बाहेर बघत बसली. या लोकांच्या शास्त्रात माझ्या एका पूर्वजाची गोष्ट आहे म्हणे. येशूच्या एका मासे धरणाऱ्या चेल्यानं 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा सांगितलं आणि कोंबडा आरवला. पण तो बिचारा शिपायांच्या गराड्यात सापडला होता. आमचा गेणू वडापाव खाणाऱ्या माणसाला भ्यायला! पापसुद्धा याला धड जमलं नाही.

पुढं वर्षभर त्यानं घराचं स्मशान करून टाकलं. पाड्यावर परतल्यावर चर्चला जाणं बंद. विचारलं की पाठ दुखते. ढोलकी खुंटीला. मी आरवलो की हा डोक्यावर गोधडी ओढायचा. एकदा पास्टर आले, "निराश होऊ नका, प्रभू सगळं ठीक करील" म्हणाले, चहा प्याले आणि गेले. झालंय काय, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता. गेणूनं नागलीतलं तण काढलं नाही, दोन घास खाऊन उठू लागला. मैना माझ्या खुराड्याशी येऊन एकटी रडायची. मला तिचं वाईट वाटायचं. खरंच वाटायचं.

"एवढा तरास होतो तर कापा त्याला," ती एकदा चिडून म्हणाली.

"कसा कापू? त्यानं खरं तेच सांगितलं," गेणू म्हणाला. या मूर्खपणामुळे मी वाचलो.

शेवटी त्यानं मला देवालाच देऊन टाकायचं ठरवलं. कापणीच्या सणाला प्रत्येक जण शेतातलं काहीतरी चर्चमध्ये आणतो, आणि प्रार्थना झाली की त्याचा लिलाव होतो. गेणू मला बगलेत मारून आला खरा, पण कुंपणाशीच थबकला. नवसाबाई दिसली तशी तिला म्हणाला, "मावशी, ह्याला आत दे. मी नाय येत."

"का?"

"तुला माहीत हाय. तुझ्यासमोर मी येशूला नाय म्हटलं. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

"वरीस झालं, तू कधी बोलतो त्याची वाट बघतेय," म्हातारी म्हणाली. "कोंबडा आरवला, तो चेला लय रडला, इथवरच गोष्ट धरून बसला व्हय? पुढचं इसरला? येशू मेलेल्यातून उठला आन त्याच चेल्यासाठी तळ्याकाठी जाळ करून मासे भाजत बसला. ये, खा म्हणाला. वर त्यालाच आपली मेंढरं सांभाळायला दिली. ओरडला का त्याच्यावर?"

"नाय."

"मग तू कशाला उपाशी बसला?"

गेणू रडायला लागला. माणसं रडताना नाकही फार गाळतात, आणि ते सगळं माझ्या पिसांवर.

तेवढ्यात मोटारसायकलवरून शेखर आला. यंदाचे मजूर ठरवायचे होते. "अरे गेणू, तू इथं कसा? तू तर ह्यांच्यातला नाय म्हणाला होता!"

गेणूनं मला बगलेत आणखी घट्ट धरलं. मी जन्मात पहिल्यांदा मुद्दाम गप्प राहिलो.

"हाय मी ह्यांच्यातला," गेणू म्हणाला. "तवा खोटं बोललो. येशूचाच माणूस हाय मी."

"बरं," शेखर म्हणाला. "सोमवारी टेम्पो पाठवतो. कोंबडा भारी हाय रे, विकायचा का?"

संपलं! ज्या उत्तरापायी या गृहस्थानं वर्षभर बायकोला रडवलं, त्याची मुकादमाला काडीची पर्वा नव्हती. वाट पाहत होती ती एकटी नवसाबाई. तिनं गेणूचा हात धरून त्याला आत नेलं. ढोलकी सैल पडली होती, गळा बसला होता, गाणं वाईट झालं. पण या वेळी त्याचे डोळे उघडे होते. लिलावात मला शेखरनं घेतलं.

आता मी बागेत मजुरांच्या शेडमागे असतो. गेणू जेवणाआधी सगळ्यांदेखत प्रार्थना करतो. पोरं त्याला 'आमेन गेणू' म्हणतात, तोही हसतो. अधूनमधून अजून खचतो. मग भाकरी थापता थापता नवसाबाई हाक मारते आणि दोघं चुलीपाशी डोळे मिटून बसतात. उठतो तेव्हा तो जेवतो, पोटभर.

काल शेखरनं त्याला विचारलं, "गेणू, नाताळ आला. तुमचा सण ना? ह्या कोंबड्याचा रस्सा करू का?"

"आमचाच सण हाय! करू की!" गेणू इतक्या जोरात ओरडला की अख्ख्या शेडनं ऐकलं. क्षणभरही अडखळला नाही. मेला 'हो' म्हणायला शिकला, तो माझ्या जिवावर.

असो. माणसांच्या जातीकडून मी कधी काही मागितलं नाही, आज एकच मागतो. पहिली वाटी नवसाबाईला द्या. तिला दात नाहीत. तिच्या वाटीत माझं काळीज घाला, ते मऊ असतं.