पाटीखालचा रंग

उंब्रजचा जुना आगीचा पंप महायुद्धात सयाजीतात्यांच्या वडिलांनी चालवला होता. पुढं तो लिलावातून गावात आला आणि दर खंडेनवमीला पूजेआधी त्याच्यावर लाल रंगाचा हात फिरत गेला. आता तो मूळ रंगात सैनिक स्मारकापाशी उभा करायचा होता. तो रंग शोधायचं काम रसायनशास्त्र शिकलेल्या प्रियदर्शनीकडे आलं.

“आमचा बा म्हनायचा, पंप हिरवा व्हता,” तात्या म्हणाले. “लोक हसायची. आग इझवायची गाडी कवा हिरवी असती व्हय?”

प्रियदर्शनीनं पंपावरच्या पितळी पाटीचे स्क्रू काढले. तिच्याखाली नंतरचा कुठलाच हात पोचला नव्हता. पण तिथला रंग तपकिरी निघाला.

तात्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी बा थापाच मारायचा.”

“थांबा तात्या. जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो, मग हिरवासुद्धा तपकिरी दिसू शकतो. ऊन मिळालं की पिवळेपणा बराचसा उतरतो.”

तिनं त्या जागेच्या निम्म्या भागावर काळी पट्टी चिकटवली आणि पंप अंगणात ओढून घेतला.

“वाळवान घाटल्यावानी?”

“तसंच. फक्त पट्टी उचलून बघायची नाही.”

तात्या रोज येऊन राखण करू लागले. आठवड्यानं तिनं पट्टी सोलली. झाकलेला भाग तपकिरीच होता आणि त्याला लागूनचा उघडा भाग उसाच्या जून पाल्यासारखा हिरवा.

तात्यांनी त्यावर बोट टेकवलं. “खरं बोलत व्हता गड्या,” ते पुटपुटले. मग आवाज चढवून म्हणाले, “आता खंडेनवमीला कोन लाल डबा घिऊन आला, तर गाठ माज्याशी हाय!”