एकाच धुण्यात तीन संघ

भिजवण

घाबरू नका मित्रांनो, हा खडखडाट माझाच आहे. फुटबॉल क्लबच्या मैदानावर बसायच्या पायऱ्या आहेत ना, त्यांच्या खाली तिरक्या छताची एक खोली आहे. तिथली जुनी वॉशिंग मशीन म्हणजे मी. माझा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. तरी कपडे पिळायची वेळ आली की मी जागा सोडते आणि थरथरत दाराकडे निघते. मुले म्हणतात, म्हातारी निघाली फिरायला. म्हणोत बापडी. या वयात हिंडते-फिरते आहे, हे काय कमी आहे?

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. माझ्या बहिणी घरोघरी गेल्या. कोणाच्या वाट्याला मऊ चादरी आल्या, कोणाच्या वाट्याला तान्ह्या बाळाची झबली. माझ्या नशिबी चिखल. पहिले काही दिवस मी नाक मुरडले. मग हळूहळू गोडी लागली, कारण चिखल फार बोलका असतो. गुडघ्यावरचा चिखल सांगतो, घसरून चेंडू काढला. पाठीवरचा सांगतो, कोणीतरी आडवे केले. सामना मला दिसत नाही. मी तो धुऊन धुऊन वाचते.

माझ्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. एका वेळी किती किलो कपडे घालावेत, ते तिच्यावर लिहिले आहे. क्लबातल्या प्रत्येकाने ती वाचली आहे आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने एकच वाक्य म्हटले आहे, "एवढं काय, मावतंय की!" मावणे वेगळे आणि पेलणे वेगळे, हे माझ्या पोटाला ठाऊक.

जरा थांबा

पाणी भरते आहे. तोंडात घोट असताना बोलू नये.

घुसळण

हं, तर आमच्या क्लबात मुलींचे तीन संघ. चौदा वर्षांखालच्यांची जर्सी पांढरी, सोळा वर्षांखालच्यांची पिवळी आणि मोठ्या बायकांची लाल. ती लाल तर अगदी नवी कोरी, ज्या हंगामाची ही गोष्ट त्याच हंगामात शिवलेली. धुण्याची पाळी घरोघरी लावलेली असते. ज्या खेळाडूची पाळी, तिच्या घरच्यांनी त्या आठवड्यात आपल्या संघाची पिशवी घेऊन माझ्याकडे यायचे. पांढऱ्यांचा दिवस वेगळा, पिवळ्यांचा वेगळा, लालांचा वेगळा. त्यामुळे तीन संघ म्हणजे जणू तीन गावे. या गावाला त्या गावाची खबर नाही.

वयाच्या बाबतीत मात्र क्लब मोठा कडक. पूर्वी एकदा पाहुण्या संघाने मुलांच्या चौदा वर्षांखालच्या सामन्याला एक मुलगा आणला, तो स्वतःच्या स्कूटरवर बसून आला आणि उतरल्यावर त्याने आधी मिशीवरून हात फिरवला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाची जन्मतारीख डोळ्यांत तेल घालून तपासतात. मोठ्याने लहानांत खेळायचे नाही म्हणजे नाही. पण लहानाने मोठ्यांत खेळायचे असेल, तर? तर कौतुक! वरून खाली येणाऱ्याला दाराला कुलूप, आणि खालून वर जाणाऱ्याला दार सताड उघडे. वर त्या दारात तीन-तीन माणसे हात पसरून उभी.

या दारातून भिंगरी गेली.

भिंगरी हे तिचे खरे नाव नव्हे. चेंडू पायात आला की ती स्वतःभोवती अशी गरकन फिरे की समोरची मुलगी भलतीकडेच धावत सुटे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. वय तेरा. पांढऱ्या संघात नऊ नंबर, पिवळ्या संघात नऊ नंबर, लाल संघातही नऊ नंबर. मीही फिरणारी, तीही फिरणारी. आमचे जमले यात नवल ते काय?

सराव संपला की ती खोलीत यायची, टुणकन माझ्या डोक्यावर बसायची आणि उजवी टाच माझ्या अंगाला दाबून धरायची. मी थरथरत असले की टाचेला बरे वाटायचे. त्या हंगामात तिचे बूट दोनदा आखूड झाले होते. हाडे भराभर वाढत होती आणि वाढत्या हाडावर ती तीन संघांचे सामने खेळत होती. सकाळी उठल्यावर तिला पहिली पावले चवड्यांवर टाकावी लागत. हे ती कोणालाच सांगत नसे. माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायची, "तूपण सांगू नकोस हं." मला कोण विचारतेय, बाई.

का सांगत नव्हती? लाल संघाचे प्रशिक्षक म्हणजे पोस्टमास्तर काका. ते एकदा बोलता बोलता म्हणून गेले होते की, मैदानावरची जागा कधी रिकामी राहत नसते. त्यांनी सहज म्हटले. भिंगरीने ते गाठीला बांधले. एक दिवस बसलो की संपलो, असे तिने धरून ठेवले.

आणि गंमत ऐका. तिन्ही प्रशिक्षक मनाने चांगले. पांढऱ्यांचे शिट्टीसर म्हणत, पोर दमते, म्हणून मी तिला मंगळवारी सुट्टी देतो. पिवळ्यांची प्रशिक्षक म्हणजे आमची दंतवैद्य ताई. ती म्हणे, मी तिला गुरुवारी येऊच देत नाही. मंगळवारी पिवळ्यांचा सराव असे. गुरुवारी लालांचा. दोघांनी सुट्टी दिली आणि भिंगरीला ती एकदाही मिळाली नाही. तिघेही मात्र समाधानाने घरी जात.

जोरात घुसळण

आंतरक्लब स्पर्धेचा शेवटचा रविवार आला. आमचे तिन्ही संघ अंतिम फेरीत, सामने एकाच दिवशी, एकामागून एक. आणि योग असा की धुण्याच्या तिन्ही पाळ्या भिंगरीच्याच घरी आल्या.

शनिवारी संध्याकाळी तिचे बाबा तीन पिशव्या घेऊन आले. बाबा बेकरीत पाव भाजतात. त्यांच्या भुवया कायम पिठाने पांढऱ्या. लेकीचा त्यांना इतका अभिमान, की पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला गोलाची हकिगत ऐकल्याशिवाय पाव मिळत नसे. त्या दिवशी त्यांना घाई होती, कारण तिकडे कणिक फुगत होती. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिले, पिशव्यांकडे पाहिले आणि ते वाक्य म्हटले. पांढऱ्या आत, पिवळ्या आत, लाल आत. गुडघा टेकून माझे दार लावले, बटण दाबले आणि कणकेकडे पळाले.

मित्रांनो, मी प्रयत्नांत कसूर केली नाही. पोट तट्ट फुगलेले, श्वास घ्यायला जागा नाही. कण्हत, कुंथत मी धुतले. पिळायची वेळ आली तेव्हा मात्र माझा तोल गेला. सगळे ओझे एका अंगाला गोळा झाले, मी नाचत नाचत निघाले आणि खोलीच्या दाराला जाऊन भिडले. दार आतल्या बाजूला उघडते. म्हणजे आता ते उघडायचे नाही.

बाबा परत आले, त्यांनी ढकलले. दार हलेना. भिंगरी त्यांच्याबरोबर चिमट्यांची टोपली घेऊन आली होती, तिनेही खांदा लावला. तेवढ्यात उद्याच्या जर्सी न्यायला शिट्टीसर आले. मग दंतवैद्य ताई आली. मग पोस्टमास्तर काका. तीन गावांची माणसे पहिल्यांदाच एका दाराला टेकून उभी राहिली. काकांनी एक, दोन, तीन म्हटले, सरांनी सवयीने शिट्टी फुंकली, आणि मी मागे सरकले.

बाबांनी माझे पोट उघडले.

पांढऱ्या जर्सी गुलाबी झाल्या होत्या. पिवळ्या धड केशरी नव्हत्या, धड गुलाबी नव्हत्या. लाल तेवढ्या लालच होत्या, जणू त्या गावच्याच नाहीत. बाबा मटकन जमिनीवर बसले. ताई म्हणाली की, आपण आता बागेतली फुले म्हणून खेळायला उतरू. कोणी हसले नाही. मग ती स्वतःच हसली, आणि सगळ्यांनाच हसू फुटले.

विसळणे

नुकसान किती ते बघावे म्हणून सगळ्यांनी जर्सी दोरीवर घालायला घेतल्या. रंगावरून काही कळेना, म्हणून नंबर लावून घातल्या. आठच्या शेजारी आठ, नऊच्या शेजारी नऊ. दोरीवर तीन नऊ लटकले. एक लहान, एक मध्यम, एक गुडघ्यापर्यंत येईल असा ढगळ.

शिट्टीसर म्हणाले, हा लहान नऊ माझ्या भिंगरीचा. ताई म्हणाली, तिचा तर मधला. काकांनी ढगळ जर्सीची बाही हळूच सरळ केली.

"मी तिला मंगळवारी सोडतो ना," सर म्हणाले.

"मंगळवारी ती माझ्याकडे असते, सर," ताई म्हणाली. मग तिने काकांकडे पाहिले. "आणि गुरुवारी?"

काका छताकडे बघू लागले. छत तिरके, त्यात बघण्यासारखे काही नाही.

तेव्हा सगळ्यांनी मान वळवून भिंगरीकडे पाहिले. ती टोपली घेऊन उभी होती. डाव्या पायावर. उजवी टाच तिने अधांतरी उचलून धरली होती, बगळ्यासारखी.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारले, कधीपासून दुखते आहे. ती म्हणाली, काही दुखत नाही. बाबांनी पुन्हा विचारले नाही. जमिनीवर बसल्या बसल्याच त्यांनी तिचा बूट काढला आणि टाचेवर अंगठा ठेवला. भिंगरीने ओठ चावला.

तेवढ्यात तिची आई आली. आई शहरातली बस चालवते. पाळी संपवून ती गणवेशातच मुलीला न्यायला आली होती. तिने तीन नऊ पाहिले, टाच पाहिली, आणि झाले काय ते तिला सांगावे लागले नाही.

"मी उद्या खेळणार आहे," भिंगरी म्हणाली. "तिन्ही."

"नाही खेळणार," आई म्हणाली. "माझी पाळी संपली की मला गाडीवरून उतरावंच लागतं. मला चालवता येत नाही म्हणून नव्हे गं. उद्याही चालवायची असते म्हणून."

"तुझी बस कोणी पळवत नाही. मी बसले तर लालवाल्या विसरतील मला. जागा रिकामी राहत नाही, काका म्हणालेत."

पोस्टमास्तर काका वाकले, गुडघे कटकन वाजले, आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"तेरा वर्षांच्या पोरीशी असं बोलायला नको होतं मी," ते म्हणाले. "चुकलो. लाल जर्सी थांबेल तुझ्यासाठी. आता रंग सोडून बसलीय ती, तिला दुसरं कोण घेणार?"

भिंगरी रडता रडता हसली. मग पुन्हा रडली. मग खूप चिडली, माझ्या अंगावर एक गुद्दा मारून निघून गेली. मला लागले नाही. गुद्द्यात जोर नव्हता, नुसता राग होता.

पिळणे

रविवारी तिन्ही संघ फुलांच्या रंगांत उतरले. समोरचे हसले. मला वरच्या पायऱ्यांवरून धावणारे पाय ऐकू येत होते आणि सगळ्यांच्या वर भिंगरीचा आवाज. ती कडेला बसली होती आणि बसल्या जागी तिन्ही सामने खेळत होती. लाल संघ सपाटून हरला. कोणी मेले नाही. छोट्यांनी शेवटच्या क्षणी बरोबरी साधून करंडक वाटून घेतला. डॉक्टरांनी पुढे सांगितले की, दुखणे वाढत्या वयाचे आहे, टाचेला विश्रांती द्या, काही आठवड्यांत ती बरी होईल. झालीही. आता भिंगरी आपल्या वयाच्या संघात खेळते, आणि तिन्ही प्रशिक्षक दर सोमवारी माझ्याच खोलीत भेटून ठरवतात, कोणी कुठे खेळायचे आणि कोणी कधी बसायचे. चहा माझ्या डोक्यावर ठेवतात. चालायचेच.

मित्रांनो, तुमच्या संघात जी सगळ्यांत जोरात धावते, तिला अधूनमधून बसवा, ती नको म्हणाली तरी. दुखत असेल तर माझ्यासारख्या मशीनला सांगू नका, ज्याला तोंड आहे त्याला सांगा. आणि कोणावरही ओझे टाकण्याआधी मावते का, एवढेच विचारू नका.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या रविवारी पिवळा संघ जिंकला. संध्याकाळी भिंगरी त्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. बरोबर एक किडकिडीत, चष्म्याला मागून पट्टी लावलेली मुलगी होती. ती पिवळ्या संघात सोळा नंबर. ती खेळायची तिथेच भिंगरी खेळायची, म्हणून तिची जर्सी आजवर घडी घातलेलीच येई आणि घडी घालूनच जाई. मी ती उगीच ओली करत असे.

आज त्या जर्सीची कॉलर फाटली होती. मुलीच्या दोन्ही गुडघ्यांना, जर्सीच्या पाठीला, चष्म्याच्या पट्टीलासुद्धा चिखल होता.

"गवताचा डाग आहे हा," भिंगरी घोगऱ्या आवाजात तिला म्हणाली. "आधी साबण चोळायचा. बघ, असा."

"राहू दे ना आजचा दिवस," सोळा नंबर म्हणाली.

दोघींनी थोडा वेळ त्या डागाकडे पाहिले. मग भिंगरीने ती जर्सी बाजूला ठेवली आणि बाकीचे कपडे आत घातले, चिठ्ठी वाचून, अर्धे आता आणि अर्धे नंतर.