पान सापडत नाही

"जावयाला काढायचं तर तोंडावर सांगा ना, मामा! नेटवर जाहिरात कशाला?"

जावयाने मोबाइल थेट सासऱ्यांच्या नाकाला लावला. चष्म्याचं दुकान वीतभर. कुणी आवाज चढवला की कपाटातल्या फ्रेमी पण थरथरायच्या. स्क्रीनवर सर्चमध्ये दुकानाचं नाव, त्याखाली ठळक निळ्या अक्षरांत ‘काच घासायला कारागीर हवा’. आणि इथे काच घासणारा एकच. तो स्वतः.

"उघडून तर बघा," सासरे म्हणाले. एवढे शांत की संशयच यावा.

त्याने दाबलं. ‘पान सापडत नाही.’

"बघा! मी विचारलं आणि तुम्ही उडवलंत. मी काय दूधखुळा वाटलो?"

"अहो भावजी, हळू!" काउंटरमागून मेहुणी बोलली. दुकानाची वेबसाइट तीच बघायची. "सर्चवाला काय करतो, फिरून फिरून पानांची नोंद घेऊन ठेवतो. मग आपण पान काढून टाकलं तरी त्याला कुठे पत्ता असतो? पुढची फेरी होईपर्यंत जुनीच नोंद दाखवत बसतो. तुम्ही यायच्या आधीची जाहिरात ती. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षांत एक फेरी नाही?"

"आपल्या टपरीकडे कोण फिरकतंय सारखं! गिऱ्हाईक फिरकत नाही, तिथे तो कुठला."

त्याला हसू आलं. राग निम्मा उतरला, वर लाजही वाटली. उगाच सासऱ्यांवर तोंड टाकलं.

"पाणी प्या," सासरे म्हणाले.

मोबाइल खिशात टाकण्याआधी तो मागे सर्चवर आला, आणि त्याची नजर निळ्या अक्षरांखालच्या बारीक ओळीवर गेली. दिवसभर काचेवरचे ओरखडे शोधणारी नजर ती. ओळ होती, ‘ऑटोमॅटिक मशीन चालवता येणं आवश्यक’.

त्याने मान वळवली. काच घासायचं ऑटोमॅटिक मशीन भिंतीला टेकून उभं होतं. गेल्या सोमवारीच आलेलं. त्याच्या स्क्रीनवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून कुणी सोलला नव्हता.

"काय हो मेहुणीबाई, सर्चवाला स्वतःच्या मनाने काही लिहितो का?"

"छे! पानावर असतं तेच उचल..." तिने जीभ चावली.

"मग तीन वर्षांपूर्वीच्या पानावर सोमवारचं मशीन कसं चढलं, मामा?"

मेहुणी खाली बघून बिलांचा गठ्ठा सारखा करू लागली. सासऱ्यांनी पायात चपला सरकवल्या.

"जावईबापू, मला आता निघायला हवं."