बँक हॉलिडेचं गणित

चैत्रालीनं लॅपटॉप बाजूला सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत अलकाकाकूंनी ताटली ठेवली. ताटलीत सहा सांबारवड्या होत्या, गरम, आणि शेजारी वाटीत कढी.

“यूट्यूबवर बघून केल्यात,” काकू म्हणाल्या. “खसखस जरा कमी पडली. नागपूरसारख्या झाल्या नसतील.”

चार वर्षं चैत्राली लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या या घरात वरच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती आणि चार वर्षं काकूंनी तिला एकाच गोष्टीवरून पिडलं होतं, की कोथिंबिरीला सांबार म्हणणारी माणसं जेवतात तरी कशी. त्याच काकू आज रविवारच्या सकाळी इल्फर्ड लेनवरून कोथिंबिरीच्या आठ जुड्या घेऊन आल्या होत्या आणि दोन तास निवडत बसल्या होत्या. सदाशिव पेठेची बाई एवढी वाकते म्हणजे तिला काहीतरी हवं असणार. भाडं वाढवणार बहुतेक, असं चैत्रालीच्या मनात आलं.

टेबलाच्या पलीकडे आर्यन बसला होता. काकूंचा मुलगा, तेवीस वर्षांचा, इथेच जन्मलेला. त्याच्यापुढेही वड्या होत्या, पण त्यानं हात लावला नव्हता.

“ताई, तो बँक हॉलिडेचा पार्ट आज करूया का?” तो म्हणाला.

“आज? अरे, रविवार आहे. उद्या ऑफिसात करू.”

“नाही, म्हणजे… आज इझी होईल.”

“दाखव ना ग त्याला,” काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या. “तेवढं एकच राहिलंय म्हणतो. नाहीतरी तू आता बसलीच आहेस.”

तेवढं एकच राहिलं होतं, हे खरं. आणि ते राहू दिलं होतं चैत्रालीनंच.

चैत्राली नोकरी करायची ती कंपनी अकरा माणसांची. कचऱ्याच्या गाड्यांनी कुठल्या दिवशी कुठल्या रस्त्यानं जायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी कौन्सिलांना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, विकायची. एरवी ते काम मशीन करतं, पण सोमवारची बँक हॉलिडेची सुट्टी आली की सगळं एक दिवस पुढे ढकलावं लागतं, आणि मग बाजाराचे रस्ते, शाळांचे रस्ते, अरुंद गल्ल्या एकमेकांच्या पायात येतात. ते कसं सोडवायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते चैत्रालीच्या डोक्यात होतं.

मार्चमध्ये कंपनीला चौपट मोठं काम मिळायची वेळ आली. गिऱ्हाइकाची अट एकच होती. व्हिसावरची माणसं फार आहेत, ती कमी करा आणि इथली घ्या. सात जण व्हिसावर होते, चार चालणार होते. मालक रघुवीर स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी व्हिसावरच आलेले. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की धंदा वाढवायचा तर हे करावंच लागेल, मलाही वाईट वाटतंय. वाईट वाटत असणारच. माणूस काही राक्षस नव्हता. नंतर त्यांनी चैत्रालीला आत बोलावलं.

“तू काळजी करू नकोस,” ते म्हणाले. “बँक हॉलिडेचं तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला येतंय का?”

“नाही.”

“मग झालं तर. बरं, इथला एखादा चांगला मुलगा आहे का ग माहितीत?”

होता की. चौदा महिने नोकरीविना, दुपारी बारापर्यंत पांघरुणात. काकू त्याच्यापायी रडायच्या आणि रडून झालं की चैत्रालीच्या डब्यात एक पोळी जास्त घालायच्या. तिनं आर्यनचा सीव्ही स्वतःच्या हातानं नीट केला, स्वतः पाठवला. मुलाखतीच्या सकाळी काकूंनी त्याच्या हातावर दहीसाखर ठेवली होती. काकूंच्या घरात दही उगाच हातावर पडत नाही. परीक्षा, प्रवास, नाहीतर ऑपरेशन, असलं काही लागतं. चैत्रालीच्या हातावर ते चार वर्षांत दोनदा पडलं होतं, ड्रायव्हिंग टेस्टला आणि व्हिसा वाढवायला गेली तेव्हा. दोन्ही वेळा काम झालं होतं. आर्यनचंही झालं, त्याला नोकरी लागली.

एप्रिलमध्ये मिहीर गेला. गेल्या आठवड्यात श्रद्धा गेली. अजून एक जण जायचा होता, आणि तो अपूर्व असणार असं सगळे धरून चालले होते, कारण तो सगळ्यात नवा. अपूर्व हल्ली लिफ्टमध्येही कुणाशी बोलत नसे.

चैत्रालीचे आठ महिने उरले होते. पाच वर्षं पूर्ण झाली की कायमचं राहता येणार होतं, मग कुणी काही करू शकलं नसतं. त्याआधी नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात, तेवढ्यात व्हिसा करून देणारी दुसरी कंपनी शोधायची नाहीतर बॅगा भरायच्या. मिहीर दीड महिना शोधत होता.

म्हणून तिनं आर्यनला सगळं शिकवलं, मन लावून शिकवलं, आणि ते एक गणित स्वतःपाशी ठेवलं. त्याची तिला थोडी लाजही वाटायची. घरच्यासारखा पोरगा, ताई ताई करतो, रोज एकाच गाडीनं आपण जातो-येतो, आणि आपण त्याच्यापासून मूठ झाकून बसायचं? आणि आता समोर सांबारवड्या, आईच्या हातच्यासारख्या नसल्या तरी कुणीतरी आपल्यासाठी दोन तास खपून केलेल्या.

“ये इकडे,” ती म्हणाली.

तासाभरात झालं. आर्यन हुशार होता. प्रत्येक पायरी त्यानं लिहून घेतली आणि शेवटी मागचं ईस्टरचं वेळापत्रक स्वतः जुळवून दाखवलं. एकही गाडी अडली नाही. चैत्रालीला खरंच कौतुक वाटलं.

“आता मी आजारी पडले तरी चालेल,” ती हसून म्हणाली.

आर्यन हसला नाही. वही मिटून त्यानं ती मांडीवर ठेवली.

“ताई, तुझा सीव्ही अपडेट आहे ना?”

“का रे?”

“असंच. एव्हरीवन शुड.” तो उठून वर गेला. वड्या तशाच राहिल्या.

काकूंनी त्या उचलल्या आणि डब्यात भरायला घेतल्या. चैत्राली फोन घेऊन त्यांच्याजवळ गेली.

“काकू, आईचा व्हिसा आला परवा, सांगितलं ना? जुलैचं तिकीट बघतेय. पहिल्यांदाच विमानात बसणार ती. हे बघा, एवढं स्वस्त परत मिळायचं नाही. फक्त कॅन्सल करता येत नाही.”

काकूंनी फोनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“घाई कशाला करतेस,” त्या म्हणाल्या.

“घाई कुठे? तीनच सीट राहिल्यात.”

काकूंनी डब्याचं झाकण लावलं, मग काढलं आणि परत लावलं. बाहेर काकूंचे यजमान, शशीकाका, गवत कापायचं मशीन ओढत होते. गवत त्यांनी शनिवारीच कापलं होतं.

“बघ बाई,” काकू म्हणाल्या. “तुझं तू बघ.”

चैत्रालीनं तिकीट काढलं. आईला फोन केला तर आई आधी रडली आणि मग विचारायला लागली, की तिकडे सांबार मिळतो का, का घेऊन येऊ.

सोमवारी सकाळी साडेसातला ती नेहमीसारखी खाली आली. आर्यन दारापाशी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. तिनं कोट घातला, बॅग खांद्याला लावली.

“चैत्राली, थांब ग.”

काकू वाटी आणि चमचा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात, डोळे सुजले होते.

“हात कर पुढे.”

सवयीनं तिनं उजवा हात पुढे केला. काकूंनी चमचाभर दही तळव्यावर ठेवलं. दही गार होतं.

“आज काय आहे?” चैत्रालीनं हसत विचारलं.

“काही नाही. असंच.”

“मग आर्यनला?”

“त्याला नको,” काकू म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

आर्यनची नाडी बांधून झाली होती. त्यानं ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. मान वर केली नाही.

बॅगेत फोन वाजला. चैत्रालीनं डाव्या हातानं काढून पाहिला. रघुवीरांचं आमंत्रण होतं, साडेनऊला, छोटी मीटिंग, सोबत एका अनोळखी बाईचं नाव. अशीच मीटिंग श्रद्धाला आली होती. श्रद्धा त्यातून बाहेर आली ती थेट कोट घ्यायला.

ती तिथेच उभी राहिली. मग राग आला, एवढा की कान तापले. दही तळव्यावर पाघळायला लागलं होतं. ते पुसता येत नव्हतं आणि झटकताही येत नव्हतं.

“काकू,” ती म्हणाली. “काल मी तिकीट काढलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

आर्यन दार उघडून बाहेर गेला आणि फाटकापाशी पाठ करून उभा राहिला. काकूंनी वाटी दोन्ही हातांत धरली होती.

“आणि वड्या केल्यात, तेव्हा?”

“दही खा आधी,” काकू म्हणाल्या. “सांडेल.”

चैत्रालीनं हात तोंडाशी नेला. साखर नेहमीपेक्षा जास्त होती.