सूर्यास्ताच्या पाठीमागचा कान

मी एक चौकट बोलतेय. सागाची, पुढे काच, मागे खिळे मारलेली पातळ फळी. आतलं चित्र बघून लोक माना डोलावतात, माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण नंदुरबारच्या चित्रकला मंडळाची खरी ओळख कुणाला असेल तर ती मलाच. त्यांची चित्रं मी वर्षानुवर्षं छातीशी धरली आहेत. माझी छाती सागाची आहे म्हणून निभावलं.

माझा साग काठी गावाकडच्या डोंगरातला. खापर गावच्या बाजारात फळी होऊन पडले होते, तिथून नवलने मला आणलं. नवल जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कामाला होता. रोज संध्याकाळी घरी येऊन तो मला तासायचा, आणि त्याची बायको जसोदाबाई म्हणायची की घरात पीठ आहे का ते बघा आधी. एकदा तिने मला चुलीला टेकवून ठेवलं, माझा खालचा कोपरा जळाला. त्या डागावरून नवराबायकोचं जे भांडण झालं, ते मी आजवर ऐकलेल्या भांडणांतलं सगळ्यात गोड.

नवलने खांबाला आरसा टांगला आणि पेन्सिलीने स्वतःचंच चित्र काढलं. फेट्याच्या घड्या काही जमेनात, म्हणून बोडक्या डोक्याचं काढलं. त्यामुळे डावा कान उघडा पडला. तो कान मोठा, बाहेर आलेला, वरून मुडपलेला. नवलने दिसला तसा काढला. मंडळात असं करायची पद्धत नव्हती, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मंडळाचं प्रदर्शन दसऱ्यानंतर, नवा कापूस यायच्या आत, जिनिंगच्या रिकाम्या गोदामात भरायचं. मंडळाचे अध्यक्ष रतिलालशेठ, कापडवाले. त्यांच्याकडे चहाची किटली होती, म्हणून अध्यक्ष. चित्रकलेचे जाणकार मगन मास्तर. त्यांच्याकडे पुस्तक होतं, म्हणून जाणकार.

नवलने चित्र माझ्यात बसवून तिथे नेलं. मगन मास्तरांनी त्यावर पट्टी लावली. "कान मापात नाही."

नवलने फेटा काढून डावा कान पुढे केला. मास्तरांनी त्याच्यावरही पट्टी लावली आणि म्हणाले, "हाही मापात नाही."

त्याच हिवाळ्यात नवल तापाने गेला. मुलगी कौसा तेव्हा पाळण्यात होती. घरात त्याचा फोटो नव्हता, ते चित्र तेवढं होतं, आणि ते माझ्यात. मी प्रदर्शनापासून मंडळातच.

आता मंडळाची रीत सांगते. चौकटी थोड्या, चित्रकार फार. जुनं चित्र काढलं तर ज्याचं त्याला परत द्यावं लागणार, म्हणजे तुझं उतरवलं असं तोंडावर सांगावं लागणार. एवढी छाती कलावंताला कुठली? म्हणून नवं चित्र काचेला लागून घालायचं, जुनं त्याच्या पाठीशी ठेवायचं आणि फळी ठोकायची. खालच्याचा अपमान नाही, वरच्याची सोय. शिवाय चित्र घट्ट बसतं. नवलवर आधी शेठचा सूर्योदय आला, मग मास्तरांची सरस्वती, मग पुन्हा शेठ.

कौसा शाळेत जाऊ लागली आणि पोरींनी तिचं नाव सुपडाकानी ठेवलं. तिचा डावा कान बापाचाच. ती केस मोकळे सोडून कान झाकू लागली, मग शाळेतच जाईना. जसोदाबाई चित्र मागायला शेठच्या दुकानी गेली. "ते मंडळाच्या संग्रहात सुरक्षित आहे," शेठ म्हणाले. संग्रह म्हणजे मी. पण मला उघडलं असतं तर कुणी कुणाला झाकलं ते गावाला दिसलं असतं, म्हणून संग्रह सुरक्षितच राहिला.

यंदाच्या प्रदर्शनाला जसोदाबाई कौसाला हाताला धरून आली. चित्रं बघितलीच नाहीत, चौकटींचे कोपरे बघत चालली. माझ्यापुढे थांबली.

"शेठ, हाई मन्हा घरनी चौकट. हाऊ चूलना डाग शे."

"बाई, ही मंडळाची वस्तू आहे. आत तापीवरचा सूर्यास्त आहे. आत्ता मामलेदारसाहेब येतील."

"मंग सूर्यले भितडाले टेकी ठेवा ना. तो तसाबी बुडीच ऱ्हायना."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मगन मास्तर समजुतीने म्हणाले, "जसोदाबाई, नवलच्या त्या चित्रात कानाचा दोष होता हो."

"तोच दोष तर दखाडना शे, मास्तर! पोर साळामा जात नही. तिन्हा बापना कान असाच व्हता, सांगी सांगी मी थकनू."

"माय खोटं बोलस," कौसा जमिनीकडे बघत म्हणाली.

 जसोदाबाई भित्री बाई आहे, मला माहीत आहे. पोर शिंकली तरी तिचा जीव वर-खाली होतो. पण तिने मला खुंटीवरून काढलं, खाली बसली, कापसाच्या गाठी बांधायची लोखंडी पट्टी पडलेली होती ती उचलली आणि माझी फळी उचकटली.

"अवं बाई, काय करी ऱ्हायनी!" शेठची शुद्ध मराठी तिथे संपली.

फळीच्या मागे पहिलाच नवल होता. इतकी वर्षं एका फळीच्या अंतरावर. बाकीची चित्रं जसोदाबाईने शेठच्या पायाशी टाकली. सूर्योदय आणि सूर्यास्त शेजारी शेजारी पडले. तोच ताड, तीच नाव, तोच एक कावळा. फक्त खाली लिहिलेलं चित्राचं नाव वेगळं. नेमके मामलेदारसाहेब आले, वाकून बघितलं आणि अदबीने विचारलं, "शेठ, यातला बुडणारा कोणता?"

जसोदाबाईने नवलला पुन्हा काचेमागे बसवलं आणि मला कौसाच्या तोंडासमोर धरलं. माझ्या काचेत पोरीचं तोंड उमटलं. नवलने स्वतःला आरशात बघून काढलं होतं, त्यामुळे त्याचा डावा कान आरशात दिसतो त्याच बाजूला होता. पोरीचा कान मात्र केसांआड होता.

 कौसाने स्वतःच केस मागे सारले आणि तिचा कान बापाच्या कानावर जाऊन बसला.

"बापना कान मोठा शे," ती म्हणाली.

आता मी नवलच्या घरी, खांबाला आहे. मंडळाने निरोप धाडलाय, पुढच्या प्रदर्शनाला चौकट हवी, शेठ चंद्रोदय काढताहेत. जसोदाबाई दाराला कडी लावून बसली आहे. माझं मंडळाला एवढंच सांगणं, बाबांनो, नव्या चौकटी करा, नाहीतर निदान नवी चित्रं काढा.

सकाळी कौसा माझ्यासमोर उभी राहून घट्ट वेणी घालते आणि शाळेत जाते. जाताना तिचं तेलाचं बोट काचेवर उमटतं, बरोबर कानावर. जसोदाबाई, तेवढा डाग पुसू नका. चुलीच्या डागाला जोडीदार झाला.