मार्तंड लोहाराचा सुरा

"दारुड्याची बहीण पानी भराले आली, सरका वं सरका!"

रुखमाबाईनं हे हसत हसत म्हटलं आणि विहिरीवरच्या बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. गोपिकाची बादली अर्ध्यावर आली होती. तिनं दोर तसाच धरून ठेवला.

"कोन दारुडा?"

"मी नाव घेतलं का कोनाचं? तुले लागलं, त्याले मी काय करू?"

"मावशी, सरळ बोल. त्या रोजी धोंडबा प्याला होता, हे तू पाह्यलं?"

"मले काय पाहाची गरज? तुह्या दिरानं पाह्यलं ना. भैय्याजी सांगून राहिला साऱ्या गावाले, धोंडबाचा हात लटलट कापत होता म्हने. डुक्कर एकीकडं अन् सुरा एकीकडं. आता तुहा दीर खोटं बोलते का?"

गोपिकानं बादली वर ओढली, काठावर घेतली आणि सगळी रुखमाबाईच्या पायावर उपडी केली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब झालं.

"धू पाय. दुसरी काढून देतो, तोंडही धून घे."

मागं शिव्यांचा भडिमार सुरू झाला. गोपिका रिकामी बादली घेऊन घरी आली. गावातच माहेर आणि गावातच सासर असलं की असं होतं. माहेरची बदनामी ऐकायला कुठं जावं लागत नाही, ती विहिरीवर भेटते.

ती आणि धोंडबा मार्तंड लोहाराची लेकरं. मार्तंड नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी करायचा, पण नरखेड तालुक्यात त्याचं नाव होतं ते शिकारीच्या सुऱ्यांसाठी. ट्रकच्या कमानीचा पट्टा आणायचा, भट्टीत लाल करून ठोकायचा, जवसाच्या तेलात बुडवून पाणी द्यायचा. सुरा सरळ पात्याचा, एकसंध, मुठीच्या टोकापर्यंत पोलाद गेलेलं. मिटणाऱ्या चाकूला तो चाकूच म्हणत नसे. "जो कमरेत वाकते तो शिकारीत काय कामाचा?" असं म्हणायचा. नागपूरचे वकील, डॉक्टर त्याला वाट दाखवायला आणि जनावर सोलायला सोबत नेत. मग शिकारबंदी आली आणि पुढच्याच उन्हाळ्यात मार्तंड गेला. मागं एकाच पट्ट्यातून काढलेले दोन सुरे राहिले. मारायचा मोठा धोंडबाकडं आला. सोलायचा छोटा गोपिकानं सासरी आणला आणि त्यानं ती कांदे-वांगी चिरू लागली.

तिचा नवरा रुपराव खापरखेड्याच्या वीजघरात कामाला होता. महिन्यातून एकदा यायचा. घरी राज्य चालायचं ते धाकट्या दिराचं, भैय्याजीचं. जातीनं तोही लोहारच, पण भट्टीला नाक मुरडणारा. घरासमोर त्यानं वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, चमक आणायला बफ मारायचं चाक. धोंडबाला तो भट्टीवाला म्हणायचा, आणि ते म्हणताना ओठाचा एक कोपरा वर न्यायचा.

माघात धोंडबाच्या सुऱ्याच्या मुठीतला एक खिळा ढिला झाला. त्यानं सुरा भैय्याजीकडं दिला. "एक खिळा तेवढा पक्का मारून दे." भैय्याजीनं दोन दिवसांनी सुरा परत केला तो असा चकचकीत की ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भैय्याजीच्या संत्र्याच्या बगीच्यात रानडुक्कर शिरलं. आंबिया बहराची फुलं गळून काळ्या मातीवर पांढरा सडा पडला होता, आणि ओलवलेली आळी उकरत ते झाडाझाडाची मुळं उघडी पाडत होतं. त्याचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला. भैय्याजी काठी घेऊन धावला. तार तुटली. डुकरानं त्याला पंपाच्या खोलीशी कोंडलं. त्याची बोंब ऐकून शेजारच्या वावरातून धोंडबा आला, आडवा झाला, आणि बापानं शिकवलं होतं तसा पुढच्या पायामागं सुरा घातला. डुक्कर पडलं नाही. उलटं फिरलं आणि धोंडबाची मांडी गुडघ्यापासून वर फाडून रानात पळालं.

तोवर भैय्याजी पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर चढला होता. पण हे गावाला कसं सांगायचं? त्यापेक्षा धोंडबा प्यालेला होता हे सांगणं सोपं. शिकारबंदी असल्यामुळं दवाखान्यात बैलानं मारलं असं लिहवून घेतलं, म्हणजे चौकशीही नाही. साक्षीदार एकटा भैय्याजी. आणि धोंडबा? तो काही बोललाच नाही. "झालं ते झालं," एवढंच. टाके निघाले, पण पाय सरळ होईना, आणि भट्टीवर कोणी फाळ आणेना. दारुड्याच्या हातचा फाळ कोण घेणार? ऐन उन्हाळ्यात, जेव्हा लोहाराला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा धोंडबाच्या भट्टीत कुत्रं झोपत होतं.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर मोटरसायकल थांबली. नागपूरच्या धरमपेठेचे कृष्णकांत वकील. मार्तंडबरोबर जंगल फिरलेले. बंदी आल्यावर त्यांनी बंदूक विकली होती, पण सुरे सोडले नव्हते. जर्मनीचे, शेफिल्डचे, राजस्थानातले, नेपाळचे सुरे घरी काचेच्या कपाटात मांडून ठेवले होते. त्यात मार्तंडचा नव्हता, म्हणून आले होते.

"सुरा माह्यापाशीच हाय, वकीलसाहेब," भैय्याजी म्हणाला. त्या दिवशी बगीच्यातून सुरा त्यानंच उचलून आणला होता. "पाहा, आरसा हाय आरसा! भांग पाडून घ्या याच्यात."

बाजारातली माणसं जमली. गोपिका दिराचा डबा घेऊन दुकानात आली होती, ती दाराशीच थांबली. वकिलांनी सुरा हातात घेतला. चमक पाहिली नाही. एक डोळा मिटून पात्याच्या पाठीवरून टोकाकडं नजर नेली. मग खिशातून बोटाएवढी कानस काढली.

"राग मानू नका," म्हणून त्यांनी ती टोकाजवळ एकदा फिरवली. खर्र आवाज झाला. पात्यावर पांढरी रेघ उमटली.

"अरेरे. गेला हा."

"गेला म्हंजे?"

"पाणी उतरलंय याचं. पोलाद मऊ पडलंय. आणि टोक कधीतरी वाकलं होतं, नंतर ठोकून सरळ केलंय. ग्राइंडरवर घेतला होता का कोणी? पाण्यात न बुडवता?"

"मंग! तीन घंटे घासला मी. नाहीतं एवढी चमक येते का?"

"तापून निळा पडला असेल."

"पडला होता ना, पार टोकापर्यंत निळा. मंग मी बफ मारून पांढराशुभ्र केला!" भैय्याजी अभिमानानं बोलला आणि मग त्याला लोकांचे चेहरे दिसले.

गोपिकानं डबा खाली ठेवला. ती घरात गेली आणि चुलीजवळचा छोटा सुरा घेऊन आली.

"वकीलसाहेब, कानस द्या."

तिनं कानस छोट्या सुऱ्यावर फिरवली. काचेवरून सरकावी तशी ती सरकली, नुसती किरकिरली. मग मोठ्यावर फिरवली. कानस चावली. तिच्या बोटाला लोखंडाचा चमकता भुगा लागला.

"एकाच पट्ट्याचे हायेत दोनी," ती जमलेल्यांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण हात ताठ होता. "या, पाहा कोनाले पाहाचं ते. मावशी, तू ये पयले. तुले पाहाची गरज नसते म्हना, पन आज पाह्य."

वांग्याची टोपली घेऊन उभ्या असलेल्या रुखमाबाईनं टोपली खाली ठेवली. कानस दोन्हींवर घासली. पुन्हा घासली.

"बाई वं," ती म्हणाली. "हे तं विळ्याहून मऊ हाय."

"अशा सुऱ्यानं डुक्कर मरते?"

"लोखंडच खराब असन!" भैय्याजी ओरडला. "मार्तंडकाकाले काय समजे पोलादातलं? पट्ट्याचा एक तुकडा पक्का निंघाला, एक कच्चा. त्याचा दोष माह्या मशीनवर काहून घालता? अन् धोंडबाचा हात तं कापूनच राहिला होता, मी पाह्यलं!"

आता बापावर आलं. गोपिकानं मोठा सुरा उचलला.

"वहिनी, सुरा ठेव तिथं."

"कोनाचा सुरा?"

"मी म्हनतो ठेव!"

"दुकानात या दारूच्या गोष्टी लय झाल्या, भाऊजी. आता मी येतो जाऊन."

वकील दुकानाबाहेर येऊन म्हणाले, "बाई, तो छोटा तरी द्याल मला? जपून ठेवीन."

"त्यानं मले रोज भाजी चिरा लागते," ती म्हणाली. "कपाटात ठेवून काय करू त्याले?"

वकील थोडं हसले. "कानस तरी राहू द्या तुमच्याकडं," म्हणाले.

माहेरी धोंडबा ओसरीत खाटेवर पाय लांब करून बसला होता. तिनं सुरा त्याच्यासमोर टाकला.

"तुले मालूम होतं?"

त्यानं सुऱ्यावरून नजर काढली.

"बोल ना!"

"हाताले समजते, गोपिके. आत गेला अन् मुरडला. आपला सुरा असा जात नाही."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुले त्या घरात राहा लागते. रुपरावजी खापरखेड्याले. मी इथं बोललो असतो, अन् तिथं भोगलं असतं कोनं?"

"अन् आता नाही भोगत मी? विहिरीवर जाऊन पाह्य एक रोज! माह्यासाठी दारुडा झाला तू? मले इचारलं होतं? त्याले वाचवलं, त्यानंच तुले बाटलीत बुडवलं, अन् तू इथं पाय पसरून साधू झाला! मले त्याच्याहून तुहा राग येऊन राहिला, धोंडबा."

 धोंडबानं खाली वाकून सुरा उचलला, मूठ दोन बोटांत धरून हलवली आणि त्याचा चेहरा बदलला. एका बाजूचा खिळा आपसूक बाहेर येऊन गोपिकाच्या पायाशी पडला. वरून नुसता काळा रंग फासलेला होता.

गोपिकानं तो उचलून तळहातावर घेतला.

"याच्यासाठीच देला होता मी सुरा," धोंडबा म्हणाला. बोलताना पहिल्यांदाच त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. "भट्टीतलं कुत्रं हाकल."

दुसरा खिळा काढून मूठ उतरवली. धोंडबाला भट्टीशी बसवून गोपिकानं भाता धरला. बाहेर ऊन, आत कोळसे, आणि तिच्या अंगात विहिरीपासूनचा सगळा राग. भाता धापा टाकू लागला.

"हळू! जास्त तापलं तं पोलाद जळते. राग भात्यावर नको काढू."

"मंग कोनावर काढू?"

"थांब जराशी."

पातं उगवत्या सूर्यासारखं झाल्यावर त्यानं ते जवसाच्या तेलात बुडवलं. ज्वाळ उठली, धूर झाला, घरभर जवसाचा वास भरला. मग पातं घासून पांढरं केलं आणि निखाऱ्यांच्या वर दूर धरलं, अगदी मंद आचेवर.

"डोळ्याची पापनी हालवू नको," तो म्हणाला. "पिकल्या गव्हाचा रंग आला का सांग. त्याच्यापुढं तांबूस येते, मंग निळा. निळा आला का त्यानं केलं तेच आपन केलं."

रंग पाठीकडून हळूहळू धारेकडं सरकला. "आला," गोपिका म्हणाली, आणि पातं विस्तवावरून निघालं. धोंडबानं ते सावकाश दगडावर घासून, पाणी शिंपडत, धार लावली. ग्राइंडरची चमक गेली. बापाच्या वेळचा करडा रंग आला. दुसरा खिळा त्यानं मारला. ढिल्याचं भोक रिकामंच ठेवायला गोपिकानं सांगितलं.

सकाळी भैय्याजीच्या दुकानात ट्रॅक्टरची ट्रॉली जोडायला आली होती. चार शेतकरी बाकड्यावर बसलेले. रस्त्यावर बस पकडायला निघालेली माणसं. गोपिकानं सुरा ऐरणीवर ठेवला आणि कानस भैय्याजीच्या हातात दिली.

"फिरवा."

"मले काम हाय, वहिनी."

"फिरवा ना, भाऊजी. मशीनवाले तुम्ही."

चार माणसं पाहत होती. त्यानं कानस फिरवली. ती सरकली. जोर लावून फिरवली. तरी सरकली.

"लोखंड तेच हाय. माह्या बापाचं. रातीतून पक्कं झालं का ते?"

भैय्याजीनं कानस खाली ठेवली. तिनं सुऱ्याच्या मुठीतून पडलेला तो खिळा त्याच्यासमोर धरला.

"हा वळखला? एवढंच काम होतं तुमच्यापाशी. मारा आता."

त्यानं हातोडी उचलली. पहिला घाव खिळ्यावर न बसता ऐरणीवर बसला.

"हात कापून राहिला तुमचा," गोपिका म्हणाली. "सकाळीच प्याले का काय?"

बाकड्यावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. भैय्याजीच्या मानेवर घाम चमकला. दुसरा घाव बसला. तिसरा. खिळा पक्का झाला.

"आता सांगा. धोंडबा प्याला होता?"

तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

"रस्त्यावर ऐकू गेलं पाह्यजे. दारुडा म्हनला तवा साऱ्या गावाले ऐकू गेलं होतं."

"नव्हता प्याला!" भैय्याजी ओरडला. "नव्हता! झालं तुहं समाधान?"

गोपिकानं मूठ धरून हलवून पाहिली. हलत नव्हती. सुरा पदरात गुंडाळून ती निघाली, आणि दाराशी वळली.

"डबा दुपारी टायमावर येईन," ती म्हणाली. "वांगी हायेत. मावशीनं देली, तिच्या टोपलीतली."